बदली : पण कोणाच्या जागी?

ठाण्याहून बाळकुम ओलांडून कशेळीचा खाडीपूल उतरला की काल्हेर येते. मूळचे आगरी वस्तीचे गाव. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, त्यांच्या मागे उंच इमारती आणि मधोमध ठाणे–भिवंडी–कल्याण मेट्रोचे खांब. या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांमध्ये, आणि पुढे भिवंडी शहरात यंत्रमागांच्या खडखडाटात, एक शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडतो. “आज त्याच्या जागी बदली कोण?” “गावाला जातोस तर बदली देऊन जा.” “मी कायम नाही, बदलीवर आहे.” नव्या इमारतींमध्ये तोच शब्द जिन्याने वर चढला आहे. भांडी घासणारी बाई आठ दिवसांसाठी माहेरी निघाली की घरची मालकीण पहिला प्रश्न करते, “बदली बाई कोण देणार?”

शब्द इतका सवयीचा झाला आहे की त्याचा अर्थ आम्ही कधी नीट पाहत नाही. आणि न पाहिल्याने घरेच्या घरे फसतात. सोयरिकीच्या बोलण्यात घडलेला एक किस्सा आमच्याकडे हसत सांगितला जातो. मुलाकडचे म्हणाले, “बदलीची नोकरी आहे.” मुलीकडच्यांनी समजून घेतले की सरकारी नोकरी असावी, आज ठाण्यात तर उद्या रत्नागिरीत, क्वार्टर मिळेल, निवृत्तिवेतन मिळेल. निघाले असे की मुलगा एका कारखान्यात दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा बदली कामगार होता. खोटे कोणीच बोलले नव्हते. कचेरीत ‘बदली’ म्हणजे माणसाने जागा बदलणे आणि कारखान्यात ‘बदली’ म्हणजे जागेने माणूस बदलणे. पहिल्याच्या हातात हुकूम असतो, दुसऱ्याच्या हातात बहुधा कागदच नसतो.

हा शब्द आला अरबीतून. ‘बदल’ म्हणजे एकाच्या ठिकाणी दुसरे. त्याच मुळापासून मराठीत बदल, बदला, अदलाबदल आले. ‘बद्दल’ही त्याच घरचा. “कामाबद्दल पैसे दिले” असे आपण म्हणतो तेव्हा कामाच्या बदल्यात दिले, हाच त्याचा जुना अर्थ असतो. आणि याच कुळातला आणखी एक शब्द काल्हेर परिसरात गेल्या काही वर्षांत फार महत्त्वाचा झाला आहे, तो म्हणजे मोबदला. रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी जमीन गेली की तिचा मोबदला. बदली आणि मोबदला ही एकाच मुळाची दोन फळे. एखाद्याने दुसऱ्याची जागा घेतली की त्याचा परतावाही त्याच शब्दात बांधलेला आहे. एवजी आणि ऐवज यांचे तसेच. दोन्ही अरबी ‘इवज’ पासून. ‘एवजी’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम करणारा, ‘ऐवज’ म्हणजे मोलाची वस्तू, आणि “चहाऐवजी दूध द्या” म्हणताना आपण तेच मूळ रोज जिभेवर घेतो. भाषेने माणूस आणि मोल यांची गाठ बांधून ठेवली होती. ती सोडवली कारखान्यांनी आणि गोदामांनी.

गंमत म्हणजे ‘कायम’ हाही अरबीच. ‘काइम’ म्हणजे उभा असलेला. उर्दूत ‘काइममकाम’ म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला, म्हणजे सरळ बदलीच. मराठीत मात्र ‘कायम’ झाला टिकाऊ, न हलणारा. त्यामुळे बदलीवरचा माणूस आयुष्यभर ज्या शब्दाची वाट पाहतो, त्या शब्दाच्या मुळाशी ‘उभे राहणे’ आहे. तो तर रोजच उभा असतो, बारा-बारा तास.

मुंबईच्या कापड गिरण्यांनी बदलीला व्यवस्थेचे रूप दिले. हजारो साचे चालवायचे तर रोज कोणी ना कोणी गैरहजर राहणारच. कोणी आजारी, कोणी कोकणात भातलावणीला. ती जागा भरायला दारात माणसे लागत. पहाटे गिरणीच्या फाटकाशी गर्दी होई आणि कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी. जॉबरच्या मर्जीपायी लाचलुचपत आली, नात्यागोत्याची चलती आली. ती मोडण्यासाठी मुंबईच्या गिरणी मालक संघाने १९३५ साली बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना बदलीचे कार्ड मिळे. कार्डवाल्याने रोज सकाळी हजर राहायचे. रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. म्हणजे काम मिळो न मिळो, हजेरी रोजची. योजना जॉबरला आवर घालण्यासाठी होती हे खरे, पण तिने ‘नेहमीचा बदली’ नावाचा एक अजब प्राणी जन्माला घातला. शब्दात तात्पुरता आणि आयुष्यात कायमचा. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीसोबत बदली कामगारांना कायम करा ही मागणी होती. संप कसा संपला ते सांगायला नको. गिरण्या गेल्या, कापड मात्र विणले जातच राहिले. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले आणि बदली हा शब्दही त्याबरोबर गेला.

भिवंडीत त्याची चांगली बाजूही आहे आणि ती आधी सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेश, बिहारचा कारागीर ईदेला किंवा बहिणीच्या लग्नाला मुलुखाला निघतो. महिना-दीड महिना माग बंद ठेवला तर शेठ दुसरा माणूस कायमचा बसवील ही भीती. म्हणून तो आपल्या गावचा, ओळखीचा कोणी बदली लावून जातो. बदलीला महिनाभराची मजुरी मिळते, मूळ कारागिराचे माग राखले जातात, शेठचे कापड थांबत नाही. परतल्यावर बदली मुकाट्याने बाजूला होतो. यात कोणाचे काही जात नाही. उलट ही एक प्रकारची अमानत आहे. शहरात ज्याचे कोणी नाही अशा माणसाची जागा दुसऱ्याने सांभाळून परत द्यायची. काल्हेरच्या गोदामांत हमालांच्या टोळीतही असेच चालते. एकाची पाठ धरली की त्याचा भाऊ चार दिवस पोती उचलतो.

बिघडते ते पुढे. आमच्या माहितीतले एक गृहस्थ अकरा वर्षे एकाच ठिकाणी बदली होते. कोणाच्या जागी, असे आम्ही विचारले. ते जरा थांबले. म्हणाले, “सुरुवातीला एकाच्या जागी होतो. तो गेला गावी, परत आला नाही. मग मीच आहे.” म्हणजे ज्याची जागा भरायची तो माणूस दहा-अकरा वर्षांपूर्वीच निघून गेला होता आणि तरीही हे त्याचे बदली राहिले होते. आमच्या मते या विषयातला सगळा प्रश्न इथेच आहे. बदली म्हणून कोणाला ठेवले असेल तर पहिली चौकशी हीच करावी की कोणाच्या जागी? नाव सांगता येत असेल तर तो बदली. नाव सांगता येत नसेल तर तो बदली नव्हेच. तो नेहमीचा कामगार आहे, फक्त त्याला नेहमीच्या कामगाराचे देणे चुकवले आहे.

हा काही आमचा नवा शोध नाही. आपल्या फिक्हमध्ये बदलाचा विचार फार बारकाईने झाला आहे, आणि भिवंडीसारख्या ठिकाणी तर तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांत दिसतो. इथले कोकणी मुसलमान शाफई, मोमीन हनफी. तयम्मुमचेच पाहा. पाणी नाही किंवा आजारामुळे वापरता येत नाही, तर वजूऐवजी शुद्ध मातीने तयम्मुम. बदल म्हणजे काय ते लहान मुलालाही कळावे असे हे उदाहरण. इथे दोन मतांत एक बारीक फरक आहे. शाफई म्हणतात, हा नाइलाजाचा बदल आहे, म्हणून प्रत्येक फर्ज नमाजीला नवा तयम्मुम करा. हनफी म्हणतात, जोवर पाणी नाही तोवर तयम्मुम वजूच्या बरोबरीचा, एकाने कितीही फर्ज अदा करा. बदली माणसाकडे पाहण्याच्या दोन नजरा जणू यात आहेत. एक म्हणते, तात्पुरता आहे हे दर वेळी आठवणीत ठेवा. दुसरी म्हणते, जोवर तो जागेवर आहे तोवर त्याचा दर्जा मूळचाच. दोन्ही नजरा प्रामाणिक आहेत. आणि एका गोष्टीवर दोघांचेही एकमत आहे. पाणी नसल्याचे कारण खरे हवे, आणि पाणी मिळाले, ते वापरता येऊ लागले, की तयम्मुम संपला. आपले वडीलधारे फारसीत म्हणत, पाणी आले की तयम्मुम बरखास्त. नळाला पाणी असताना आळसाने मातीवर हात मारणाऱ्याचा तयम्मुम कोणत्याच मझहबमध्ये चालत नाही. आमच्या कारखान्यांत मात्र नळ वाहतो आहे आणि वर्षानुवर्षे तयम्मुम चालू आहे.

हज-ए-बदलचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण तिथे माणसाच्या जागी माणूस जातो. अखेरच्या हजच्या वेळी खसअम कबिल्यातील एका स्त्रीने पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारले होते की वडिलांवर हज फर्ज झाला आहे, पण ते इतके वृद्ध की सवारीवर बसून राहता येत नाही, तर त्यांच्या वतीने मी हज करू का? आपण (स.) होय म्हणालात. मुलीने बापाच्या वतीने केलेला हज, हे आमच्या घरांनी विशेष लक्षात ठेवावे. दुसरी रिवायत अशी की एक माणूस शुब्रुमा नावाच्या व्यक्तीच्या वतीने लब्बैक म्हणत होता. आपण (स.) विचारले, स्वतःचा हज केलास का? त्याने नाही म्हटले, तेव्हा आधी स्वतःचा कर, मग त्याचा कर, असे सांगितले. म्हणून शाफईंच्या मते आधी स्वतःचा हज केलेला माणूसच बदल म्हणून जाऊ शकतो. हनफींच्या मते न केलेल्याचाही होतो, पण ते पसंत केलेले नाही. आजार बरा होण्यासारखा होता आणि माणूस पुढे बरा झाला, तर त्याच्या स्वतःच्या हजची जबाबदारी त्याच्यावर राहतेच.

दोन गोष्टी यात पाहण्यासारख्या आहेत. एक, हज कोणाच्या वतीने ते ठरलेले लागते. नियत त्याच्या नावाची. नाव नसलेला हज-ए-बदल नसतोच. दुसरी, खर्च. हनफी मतानुसार पाठवणाऱ्याने जाण्यायेण्याचा, राहण्याचा, खाण्याचा खर्च करायचा. तो खर्च असतो, मजुरी नव्हे, आणि उरलेली रक्कम देणाऱ्याने सोडली नाही तर परत करायची. शाफई मजुरी ठरवून पाठवणेही मान्य करतात. मार्ग वेगळे, पण बदली गेलेल्याने आपल्या खिशाला खार लावून जावे असे कोणीही म्हणत नाही. ज्याचे नाव त्याचा पैसा. (अलीकडे हज-ए-बदलच्या नावाने भराभर रकमा घेणारे लोक वाढले आहेत. कोण जाणार, त्याने स्वतःचा हज केला आहे का, तो एका हजात एकाचीच नियत करणार ना, हे विचारल्याशिवाय आई-वडिलांच्या नावाचे पैसे कोणाच्या हाती देऊ नयेत.)

आणि दर्जा? इमामाचे वजू नमाजीत तुटले तर तो मागच्या सफमधून एकाला पुढे करतो आणि नमाज जिथे थांबली तिथून तो पुढे नेतो. त्याच्या मागची जमात अर्धी धरली जात नाही. पैगंबर (स.) मदिनेबाहेर जात तेव्हा कधी हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांना मागे नायब नेमून जात. ते अंध होते. नमाज त्यांच्या मागे होई. आपल्या शेवटच्या आजारात आपण (स.) हजरत अबू बकर (रजि.) यांना नमाज पढवायला सांगितले. खलीफा या शब्दाचाही अर्थ मागे राहून जागा घेणारा असाच आहे. तेव्हा ‘बदलीच तर आहे’ म्हणून तोंड वाकडे करायला आपल्याकडे काही आधार नाही. इंग्रजांच्या १८८० च्या काझी कायद्यातसुद्धा काझीने आपल्या जागी नायब नेमण्याची तरतूद आहे.

आता कायद्याचे बघू, कारण घर त्यावर चालते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बदली कामगाराची व्याख्या होती. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी ठेवलेला तो बदली. म्हणजे इथेही पुन्हा तोच प्रश्न, कोणाच्या जागी? शिवाय बदलीने सलग एक वर्षाची सेवा पुरी केली की, मालाअभावी वा विजेअभावी काम बंद ठेवल्यास मिळणाऱ्या भरपाईपुरता तो बदली धरला जात नाही. ही भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी असते. वर्ष म्हणजे ३६५ दिवस कामावर, असे नव्हे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्ष भरले, आणि त्यात पगारी सुट्ट्याही मोजतात. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलीची व्याख्या तशीच ठेवली आहे. महाराष्ट्राच्या नमुना स्थायी आदेशांत तर याहून पुढची गोष्ट होती. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या बदली कामगाराला लेखी आदेश देऊन कायम करावे, असे तिथे म्हटले आहे.

मग अकरा वर्षे बदली राहणारा माणूस कुठून येतो? आकड्यांतून. काम बंद काळातल्या भरपाईचा नियम पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला लागत नाही. स्थायी आदेशांसाठी महाराष्ट्रात पन्नासची अट होती, नव्या संहितेने ती तीनशेवर नेली. भिवंडीतले बहुतेक यंत्रमाग कारखाने लहान. एका शेडमध्ये बारा माग, दुसऱ्यात चोवीस. जिथे बदली सर्वांत जास्त तिथेच कायदा पोचत नाही. तरी सगळेच दार बंद आहे असे नाही. काम करताना हात मागात सापडला, गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर आली, तर भरपाईचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे आणि धंद्याच्या कामावर लावलेल्या माणसाला ‘तू तर बदली’ म्हणून तो नाकारता येत नाही. किमान वेतनही कामाला असते, बदलीला वेगळे नसते. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आणि त्याखालची मंडळे आहेत. तिथे नोंदणी नसलेल्याने आयुष्यभर नोंदणी असलेल्याच्या नावावर पाठ झिजवू नये, स्वतःच्या नोंदणीसाठी अर्ज करावा. नाव एकाचे, घाम दुसऱ्याचा, आणि मजुरीतला वाटा नाववाल्याचा, अशी बदली कुठे चालत असेल तर ती भाऊबंदकीच्या नावाखाली चालवलेली दलाली आहे.

शिकलेल्या घरांनी हे सगळे अनपढ मजुरांचे दुखणे समजू नये. मुलगी एम.ए., बी.एड. झाली, महाविद्यालयात शिकवते म्हणून आपण मिठाई वाटतो. ती तासिका तत्त्वावर असते. सुट्टी लागली की मानधन थांबते. शाळेत ‘प्रभारी’ मुख्याध्यापक, कचेरीत ‘कंत्राटी’, दवाखान्यात ‘हंगामी’. फारसीत ‘हंगाम’ म्हणजे वेळ, मोसम. आंब्याचा असतो तसा. परिचारिकेचा मोसम कोणता, ते कोणी सांगत नाही. हे शब्द बदलीपेक्षा सुबक आहेत इतकेच. यांनाही तोच प्रश्न लावून पाहावा. ज्या जागेवर ती काम करते ती कोणाची? कोणी बाळंतपणाच्या रजेवर गेले आहे का? नसेल, तर जागा रिकामी आहे आणि ती भरायची टाळाटाळ चालली आहे.

घरातही हिशेब आहेच. बाई माहेरी जाते तेव्हा बदली देते आणि आपण बहुधा पैसे मूळ बाईच्या हातात ठेवतो, तुमचे तुम्ही बघा म्हणतो. बदलीला काय मिळाले ते आपल्याला कळत नाही. तिला तिच्या दिवसांचे पैसे थेट द्यावेत, आणि आधी दोघींना समोर बसवून ठरवावे. मूळ बाई आजारी असेल तर तिचे पैसे कापून बदलीला देणे हा कंजूसपणा आहे. आजारपणाचे चार दिवस घराने सोसावेत. ज्या घरात रमजानमध्ये हजारोंची जकात निघते त्या घराला हे जड नाही. मशिदीच्या ट्रस्टींनीही पाहावे. इमामसाहेब महिनाभर गावी गेले की मदरशातल्या एखाद्या तरुण हाफिजला उभे करतात आणि शेवटी खिशात एक पाकीट सरकवतात, जणू बक्षीस. त्याने पाच वेळा जमात पढवली आहे. त्याची रक्कम आधी ठरवून वहीत लिहिलेली असावी.

आणि जे स्वतः बदलीवर आहेत, किंवा ज्यांचा मुलगा, नवरा आहे, त्यांच्यासाठी एक काम. घरात एक वही ठेवा. तारीख, पाळी, किती माग किंवा किती गाड्या, मजुरी किती मिळाली, आणि एका रकान्यात ज्याच्या जागी उभे राहिलात त्याचे नाव. घरातली शाळकरी मुलगी हे रोज रात्री दोन मिनिटांत लिहू शकते. शक्य तिथे मजुरी बँक खात्यात घ्या, म्हणजे दिवसांचा पुरावा आपोआप राहील. मुकादमाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या ये’ म्हटलेले निरोप पुसू नका. २४० दिवसांची मोजणी कधी ना कधी करावी लागली, तर तोंडी सांगितलेले कोणी ऐकत नाही. आणि नावाच्या रकान्यात सलग तीन महिने काय लिहायचे तेच सुचेना, तर ती वही घेऊन शेठकडे, कामगार संघटनेकडे किंवा कामगार आयुक्तांच्या कचेरीत जायची वेळ आली आहे.